व्हिडिओ संपादनातील अडथळे आणि एक्सपोर्टमधील दोष

संपादन करताना दृश्य अडखळणे, आवाज ओठांच्या मागेपुढे पडणे, सॉफ्टवेअर हँग होणे आणि तयार फाइल बाहेर काढताना (एक्सपोर्ट) काम अर्ध्यावर थांबणे, या तक्रारींचे कारण शोधून ते दूर करण्याची प्रक्रिया. कोकणात हे काम करणाऱ्यांकडे लग्नांखेरीज तळकोकणातील रात्रभर चालणारी दशावतारी नाटके, रत्नागिरीकडील नमन-खेळे व जाखडी आणि शिमग्यातील पालख्या यांचे चित्रण येते. ते लांबलचक असते, त्यात मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या फायलींची सरमिसळ असते, आणि मुंबईच्या चाकरमान्यांना ते दुसऱ्याच दिवशी हवे असते.

संगणक जुना झाला, हे पहिले निदान बहुतेक वेळा चुकीचे ठरते. मोबाइल व बहुतेक कॅमेरे एच.२६४ (२००३) किंवा एचईव्हीसी (२०१३) या पद्धतीने चित्रण साठवतात. त्यात पूर्ण चौकटी (फ्रेम) मोजक्याच असतात. मधल्या चौकटींत फक्त बदल नोंदलेला असतो. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा क्रमाने मांडलेल्या पट्टीवर, मधलीच एखादी चौकट पाहायची तर आधीच्या पूर्ण चौकटीपासून सगळे उलगडत यावे लागते. फाइल लहान म्हणजे हलकी, हा समज इथे उलटा पडतो. प्रोरेससारख्या, संपादनासाठी बनवलेल्या स्वरूपात प्रत्येक चौकट स्वतंत्र असते, म्हणून त्या स्वरूपाची फाइल कितीतरी मोठी असूनही सुरळीत चालते. काही कॅमेऱ्यांचे १०-बिट ४:२:२ (रंगांचा अधिक तपशील साठवणारे) चित्रण अनेक ग्राफिक्स कार्डांना उलगडता येत नाही. मग कार्ड कितीही महाग असले तरी सगळा भार प्रोसेसरवर येतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे प्रॉक्सी, अर्थात संपादनापुरती बनवलेली हलकी प्रत. १९२०×१०८० आकाराची, सेकंदाला २५ चौकटींची प्रोरेस प्रॉक्सी सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट, म्हणजे तासाला १७ जीबी जागा घेते. सहा तासांच्या नाटकाला शंभर जीबीहून अधिक लागतात, तेव्हा अशा कामासाठी प्रॉक्सीचा आकार अर्धा ठेवणे शहाणपणाचे. अंतिम फाइल मूळ चित्रणावरूनच निघते आहे ना, हे मात्र सेटिंगमध्ये पाहावे. नाहीतर धूसर फाइल गिऱ्हाइकाच्या हाती जाते.

आवाज घसरण्याचा दोष वेगळा. मोबाइल प्रकाशानुसार चौकटींचा वेग कमीजास्त करतो आणि रात्रीच्या जत्रेत हे हमखास होते. सेकंदाला ३० चौकटी धरल्या आणि प्रत्यक्षात सरासरी २९.९७ असल्या, तरी तासाभरात फरक ३.६ सेकंदांवर जातो. संवादांपेक्षा पखवाज आणि झांजेवर तो आधी लक्षात येतो. क्लिप कापून जागोजागी सरकवत बसण्यात अर्थ नाही. हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने चौकटींचा वेग स्थिर करून घ्यावा आणि मगच संपादनाला बसावे.

एक्सपोर्ट दर वेळी त्याच टक्क्याला अडकत असेल, तर दोष टाइमलाइनवरच्या एखाद्या ठिकाणी आहे. टाइमलाइन निम्मी-निम्मी करून काढत गेले की ती जागा सापडते. तिथे खराब कॉपी झालेली क्लिप, अवाढव्य फोटो किंवा ग्राफिक्स मेमरी खाणारा नॉइज रिडक्शन (चित्रातील दाणेदारपणा घालवणारा इफेक्ट) असतो. टक्का दर वेळी बदलत असेल, तर उष्णता, मेमरी किंवा डिस्कवरची जागा तपासावी. सुरुवातीला वेगाने जाणारा एक्सपोर्ट दहा-पंधरा मिनिटांनी रेंगाळू लागला, तर पंख्याकडे पाहावे. किनाऱ्याच्या दमट, खारट हवेत जाळ्यांत धूळ चिकटून बसते आणि तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. आणखी एक कसोटी: तेच काम आधी प्रोरेसमध्ये काढून पाहावे. ते निघाले, तर चूक शेवटच्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे चित्रण दाबून अंतिम स्वरूपात साठवण्यात आहे. हार्डवेअर एन्कोडिंग (हे काम ग्राफिक्स चिपकडून करून घेणे) बंद केले की बहुधा मार्ग निघतो.

पावसाळ्यात वीज जाणे ही इथली नेहमीची बाब. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, म्हणून ९० टक्क्यांवर वीज गेली तर उरलेली फाइल उघडतच नाही. यूपीएस हवाच, शिवाय लांब नाटक प्रवेशांनुसार तुकड्यांत काढलेले बरे.

शीर्षकांतील जोडाक्षरे फुटण्यामागे जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट किंवा चुकीचे टेक्स्ट इंजिन (अक्षरे जुळवणारा सॉफ्टवेअरचा भाग) असते. प्रीमियर प्रो या संपादन सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या प्राधान्यांत दक्षिण आशियाई पर्याय निवडावा.

पेनड्राइव्हवर थेट एक्सपोर्ट मारणे टाळावे. तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर मावत नाही. सेकंदाला ८ मेगाबिट दराने ही मर्यादा सुमारे ७१ मिनिटांत येते, आणि जागा असूनही काम का थांबले ते कळत नाही. एक्सफॅट या नव्या फॉरमॅटवर ही अडचण नाही. पण गावाकडचे अनेक जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, त्यामुळे तिथे पाहायचे नाटक तासातासाच्या भागांतच द्यावे लागते.