आमच्या बालवाडीत पाटी उशिरा का येते?

पालकहो,

प्रवेश घ्यायला येणारे बहुतेक आई-बाबा पहिला प्रश्न हाच विचारतात: "लिहायला कधी घेणार?" शेजारच्या मुलीची वही अ ते ज्ञ भरलेली, आणि आपलं लेकरू मात्र रोज हातापायाला माती लावून घरी येतं. काळजी वाटणारच. म्हणून सकाळी ९ ते १२ या तीन तासांत मुलं आमच्याकडे काय करतात आणि का करतात, ते नीट सांगतो.

त्यातला सगळ्यात मोठा वेळ खेळाचा, जवळजवळ सव्वा तास. भातुकलीच्या कोपऱ्यात मागच्या महिन्यात भाजीमंडई भरली होती. पैसे म्हणून चिंचोके, मेथी म्हणून अंगणातला पाला. चार वर्षांच्या भाजीवालीने "संपली भाजी, उद्या या" म्हणत टोपली पालथी घातली. गिऱ्हाईक रडकुंडीला आलं, "अहो, माझ्याकडे पाहुणे आलेत!" भाजीवाली जरा थांबली. मग स्वतःच्या घरासाठी बाजूला ठेवलेली जुडी तिने काढली, अर्धी मोडून दिली आणि तीन चिंचोके मोजून घेतले. ताई शेजारीच बसल्या होत्या, पण एक अक्षरही बोलल्या नाहीत. दुसऱ्याची अडचण समजली, अर्धं म्हणजे किती ते कळलं, हिशेबही झाला. हे तिला फळ्यावर शिकवायचं म्हटलं असतं तर आठवडा गेला असता आणि तरी कळलं असतं की नाही, सांगता येत नाही.

लिहिण्याशी याचा काय संबंध? फार जवळचा आहे. काडेपेटी ही रेल्वे, चिंचोका हा रुपया, असं मूल मानतं तेव्हा एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवायला ते शिकत असतं. अक्षर तरी दुसरं काय असतं? 'क' ही खूण एका आवाजाच्या जागी उभी असते. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने लेखनाची पूर्वतयारी खेळात शोधली ती यामुळेच. ज्या मुलाला मनसोक्त खोटं-खोटं खेळायला मिळालंय, त्याला ही खूण पटते. नाही तर ते नुसतं गिरवत राहतं.

दुसरं काम हातांचं. आमच्याकडे रोज दोन मुलं वाढपी असतात. एका मुलाला एक ताट, एका ताटाला एक वाटी, अशी मांडत ती पंगत लावतात, डब्यातली काकडी-गाजर सगळ्यांना वाढतात आणि सर्वांचं झाल्यावर स्वतः बसतात. पाणी सांडतंच. त्यासाठी लहान फडकी खाली, मुलांच्या हाताला येतील अशी टांगलेली आहेत. सांडणाऱ्याने पुसायचं, त्याला कुणी रागवत नाही. मटार सोलणं, कणीक मळणं, कुंड्यांना पाणी घालणं हीही रोजची कामं. बोटांत जोर आल्याशिवाय पेन्सिल नीट धरता येत नाही, आणि तो जोर मटाराच्या शेंगेतून छान येतो. एक मात्र नक्की: काम ही आमच्याकडे कधीही शिक्षा नसते.

पावसाळा सरत आला की अंगणातल्या प्राजक्ताखाली सकाळी सडा पडलेला असतो. शेजारच्या आजींना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. मुलं फुलं वेचून परडीतून त्यांच्या देवपूजेला नेऊन देतात. प्राजक्ताचं फूल चिमटीत जरा दाबलं तरी लगेच काळवंडतं, त्यामुळे केशरी देठाला हलकेच धरून उचलायचं असतं. तीन वर्षांची मुलं श्वास रोखून हे करतात, ते एकदा बघाच. आजी त्यांना खडीसाखर देतात, गोष्ट सांगतात, आणि एखादं मूल आलं नाही तर "कुठंय तो?" म्हणून चौकशी करतात. सेवा हा शब्द आम्ही या शेजारधर्मासाठी वापरतो. लहान मुलांच्या हातून गरिबांना वस्तू वाटायच्या आणि फोटो काढायचे, हे आम्ही करत नाही. त्यातून मुलाला आपण वरचे आणि समोरचा खालचा एवढंच कळतं.

या पद्धतीची मुळं आपल्याच मातीत आहेत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं आणि १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी आल्या. शिक्षिका अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायकांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच आला. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं त्यांनी वापरली. मुलांना न्हाऊमाखू घालणं हाही तिथे शिक्षणाचाच भाग होता. पुढे १९५७ मध्ये हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आमच्या कपाटात आज चिंचोके आणि शिंपले आहेत, ते या दोघींमुळे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळावर भर आहे. त्यामुळे पहिलीला अडेल, ही भीती नको. अक्षरओळख आमच्याकडे मोठ्या गटात, साधारण पाचव्या वर्षानंतर सुरू होते, तीही वाळूत बोटाने, पाटी त्याच्यानंतर.

घरी तुमच्याकडून एवढंच हवं: "आज काय शिकलास?" असं विचारू नका, "आज कोण झाला होतास?" असं विचारा. रोज एक खरं काम त्याचं म्हणून ठरवून द्या, चपला लावण्याचं असो की ताटं घेण्याचं, आणि ते वाकडंतिकडं झालं तर त्याच्यादेखत पुन्हा नीट करायला जाऊ नका.

प्रवेशाआधी एक सकाळ येऊन कोपऱ्यात बसा आणि खेळ पाहा. येताना घरात पडून असलेली जुनी साडी किंवा चादर असेल तर आणा. सध्या घरं बांधायचा खेळ जोरात आहे, आणि छपरं कमी पडताहेत.