कागदी पाहुणा फिरायला निघतो त्यामागची गोष्ट

पाकिटातून एक रंगवलेला कागदी मुलगा येतो, सोबत पातळशी वही आणि वर्गशिक्षकांची चिठ्ठी, की याला तुमच्याकडचं जरा फिरवून आणा, फोटो काढा, वहीत लिहा आणि परत पाठवा. अमेरिका-कॅनडात ज्यांच्या नात्यात दुसरी-तिसरीतलं पोर आहे त्यांच्याकडे हा फ्लॅट स्टॅनली, म्हणजे शाळेतल्या मुलांनी बनवून पाठवलेला कागदी बाहुला, कधी ना कधी येऊन गेलेला असतो, त्यामुळे तो कसा कापायचा वगैरे इथे सांगत बसत नाही.

मूळ गोष्ट जेफ ब्राउन यांच्या 'फ्लॅट स्टॅनली' या मुलांच्या पुस्तकातली, १९६४ ची. झोपेत अंगावर मोठा फळा पडतो आणि स्टॅनली नावाचा मुलगा जेमतेम अर्धा इंच जाडीचा होतो, बाकी ठणठणीत. कॅलिफोर्नियातल्या मित्राने सुट्टीत बोलावलेलं असतं, पण प्रवासखर्च झेपणारा नसतो म्हणून आईवडील त्याला सरळ मोठ्या पाकिटात घालून पोस्टाने पाठवतात, खायला पातळ ब्रेडचं सँडविचही देतात. आज जे काही चालतं ते या एका प्रसंगावर उभं आहे. पुस्तकात त्याने चोर पकडले, धाकट्या भावाने त्याचा पतंग केला, पण शाळांनी उचलला तो पोस्टाचा भाग, आणि तोही तब्बल तीस वर्षांनी.

१९९५ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधल्या लंडन गावच्या तिसरीच्या एका शिक्षकाने हा उपक्रम सुरू केला. हेतू अगदी साधा होता, पोरांनी मनापासून लिहावं. नुसतं पत्र लिहायला सांगितलं की मुलं "मी बरा आहे, तू कसा आहेस" इथेच अडकतात. मधे हा तिसरा आला की लिहायला विषय मिळतो आणि लाजही जाते. आधी गोष्ट वाचायची, मग बाहुला करायचा, मग काही दिवस त्याची रोजनिशी मुलांनीच लिहायची, आज तो कुठल्या बाकावर बसला, कोणाच्या दप्तरातून घरी गेला. त्यानंतर वही आणि बाहुला दोन्ही यजमानाकडे, त्याने खऱ्या पाहुण्यासारखं वागवायचं, वहीत भर घालायची आणि परत. म्हणजे स्थळदर्शन हा मधला टप्पा होता, मुख्य काम वहीतलं, आणि हे आता बरेच जण विसरलेत असं मला ठामपणे वाटतं.

खरा वाद झाला तो ईमेलवरून. उपक्रम नेमका इंटरनेट घराघरात शिरत होतं तेव्हा वाढला, सहभागी वर्गांची यादीही वेबवरच होती, त्यामुळे कागद पोस्टाने न पाठवता चित्र स्कॅन करून पाठवायचं आणि समोरच्याने प्रिंट काढायची ही सोय लवकरच आली. सोयीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं चुकीचं नव्हतं, परदेशी टपालाचा खर्च असतो, पाकिटं गहाळ होतात, आणि ज्याचा स्टॅनली परतच येत नाही त्या मुलाचं तोंड वर्गात एवढंसं होतं. पण पोस्टाने आलेला स्टॅनली कोपऱ्यात दुमडलेला असतो, त्याच्या हाताला कोणीतरी सेलोटेप लावलेली असते, वहीत तिसऱ्याच माणसाचं अक्षर असतं, आणि मुलं ते बोटाने चाचपून बघतात, "हा खरंच तिकडे जाऊन आला" हे त्यांना पटतं ते त्यामुळे. प्रिंट काढलेल्याचं तसं होत नाही, मूळ बाहुला तर भिंतीवरच लटकलेला असतो, मग गेलं कोण? शेवटी दोन्ही पद्धती चालू राहिल्या, निर्णय ज्याच्या त्याच्या वर्गावर. माझ्या मते सोयीला जरा जास्तच झुकतं माप मिळालं.

त्यानंतरचा काळ प्रसिद्धीचा. २००५ पर्यंत ४८ देशांतले साडेसहा हजारांवर वर्ग यात होते, नेते आणि नटमंडळीही त्याच्यासोबत फोटोत दिसू लागली. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत जे विमान उतरवावं लागलं त्यातही एक स्टॅनली होता आणि सोबतच्या प्रवाशाच्या ब्रीफकेसमधून सुखरूप बाहेर आला. अशा बातम्यांनी उपक्रम घरोघरी पोचला हे मान्य, पण यजमानांवर दडपणही आलं की आपल्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही. मग लोक एका दुपारी गाडी काढून चार स्मारकं उरकतात, लॅमिनेट केलेल्या बाहुल्यावर ऊन चमकून चेहराच दिसत नाही असे फोटो येतात, आणि वहीत प्रत्येक ठिकाणाची एक-एक ओळ. वाचनालयातली एक दुपार नीट लिहिली तर वर्गात तीच जास्त वेळा वाचली जाते.

पुढे मोबाइल ॲप आलं, काही वर्ग स्टॅनलीऐवजी मुलांचं स्वतःचं कागदी रूप पाठवायला लागले. फोटो सहज वेबवर जायला लागल्यापासून बाहुल्याच्या पाठीवर पूर्ण नाव-पत्ता लिहिणं धोक्याचं झालंय, तिथे फक्त पहिलं नाव पुरे, परतीचा शाळेचा पत्ता आणि परत पाठवायची तारीख शिक्षकांच्या चिठ्ठीत असते.