ब्रोकर गप्प की सेन्सर गप्प?

गेल्या मे महिन्यात वरूड तालुक्यातील एका संत्र्याच्या बागेत उभा राहून मी मोबाइलवर जमिनीतील ओलाव्याचा आकडा पाहत होतो. सकाळपासून तो जराही हलला नव्हता, आणि पायाखालची काळी जमीन मात्र भेगाळत होती. ठिबकच्या नळीशेजारी पुरलेला सेन्सर बिघडला की सेन्सर आणि मोबाइल यांच्यामधली यंत्रणाच बंद पडली, हे त्या आकड्यावरून कळत नव्हते. जिथे बोअरचे पाणी शेकडो फूट खोलवरून उपसावे लागते, तिथे या प्रश्नाचे उत्तर वेळेत मिळणे फार मोलाचे असते.

या मधल्या यंत्रणेला संदेश-ब्रोकर म्हणतात. बाजार समितीतील अडत्याप्रमाणे तो स्वतः माल पिकवत नाही. सेन्सर त्याच्याकडे एखाद्या विषयाच्या नावाने आकडा पाठवतो आणि त्या विषयाची मागणी नोंदवलेल्या प्रत्येकाला ब्रोकर तो पोहोचवतो. त्यासाठी बहुधा वापरली जाणारी एमक्यूटीटी ही नियमावली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ साली तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी तयार केली. उपग्रहाचा दुवा महाग असल्यामुळे संदेशाचा ठरावीक मथळा अवघ्या २ बाइटांत बसावा, इतकी काटकसर तिच्यात आहे, आणि वावरातल्या क्षीण नेटवर्कला नेमकी तीच मानवते.

ब्रोकरची विचारपूस मात्र संदेशांच्या वाटेने होत नाही. तिची वाट निराळी असते. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर आयओटी ऑपरेशन्स या व्यवस्थेत ब्रोकर शेताजवळच्या, म्हणजे समजा प्रतवारीच्या शेडमधल्या संगणकावर चालतो, पण त्याच्या रचनेची नोंद क्लाउडमध्ये असते. ती हवी असेल तर वेब एपीआयकडे, म्हणजे एका प्रोग्रामला इंटरनेटवरून माहिती विचारता येईल अशा खिडकीकडे, 'गेट' प्रकारची विनंती पाठवायची. विनंतीच्या पत्त्यात खाते, संसाधनांचा गट, स्थापनेचे नाव, ब्रोकरचे नाव आणि एपीआयची आवृत्ती हे सगळे क्रमाने येते, आणि सोबत ओळख पटवणारे टोकन जोडावे लागते. 'गेट' विनंती फक्त वाचते, काहीही बदलत नाही. म्हणून वाचण्यापुरता अधिकार असलेल्या माणसाच्या हाती हे काम निर्धास्तपणे देता येते. नकार आला तरी तो बोलका असतो: ४०१ म्हणजे ओळखच पटली नाही, ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही, आणि ४०४ म्हणजे त्या नावाचे काही सापडले नाही. शेवटच्या बाबतीत पत्त्यातील एखादे अक्षर चुकल्याचेच बहुतेक वेळा निघते.

विनंती मान्य झाली की २०० हा संकेत आणि जेसन स्वरूपातला, म्हणजे नाव आणि त्यापुढे त्याचे मूल्य अशा जोड्यांचा, मजकूर येतो. ब्रोकरला किती मेमरी वापरू द्यायची हे ठरवणारे प्रोफाइल (टायनी, लो, मीडियम किंवा हाय), जोडण्या स्वीकारणाऱ्या पुढच्या फळीतील प्रतींची संख्या, संदेश सांभाळणाऱ्या मागच्या फळीतील विभाग आणि प्रत्येक विभागाच्या किती प्रती ठेवायच्या, हे त्यात दिसते. यातला शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो २ असेल तर एक प्रत कोसळली तरी दुसरी संदेश सांभाळते.

त्याच उत्तरात 'सक्सीडेड' असा शब्द असतो, आणि तो पाहून निश्चिंत होण्याची चूक अनेकजण करतात. ब्रोकरची मांडणी सांगितल्याप्रमाणे पार पडली, एवढाच त्याचा अर्थ. या क्षणी बागेतून आकडे वाहत आहेत, असे तो सांगत नाही. ते पाहायचे तर संदेशांच्याच वाटेवर यावे लागते. एमक्यूटीटीत प्रत्येक उपकरण जोडणी करतानाच 'मी किती सेकंदांत एकदा तरी बोलेन' हे सांगून ठेवते. त्या मुदतीच्या दीडपट वेळ शांतता राहिली तर ब्रोकर जोडणी तोडतो आणि उपकरणाने आधीच सोपवून ठेवलेला निरोपाचा संदेश इतरांना कळवतो.

त्या दिवशी ब्रोकरचा तपशील बिनचूक आला आणि निरोपाचा संदेशही कुठे नव्हता, म्हणजे सेन्सरचा आकडा ब्रोकरकडे पाठवणारी खांबावरची पेटी जिवंत होती. मग आकडा गोठला कसा? ब्रोकर एखाद्या विषयावरचा शेवटचा संदेश जपून ठेवू शकतो आणि नव्याने जोडल्या जाणाऱ्याला तोच देतो. मोबाइलवर दिसत होता तो हा जपलेला आकडा. आम्ही पेटीपासून सेन्सरकडे जाणाऱ्या वायरीचा माग काढत निघालो, तेव्हा दोन ओळींच्या मधोमध, वखराची पास गेलेल्या तासात, तांब्याची दोन तुटकी टोके मातीतून वर आलेली दिसली.