पाणी अडवायचं की आत घ्यायचं?

सोलापूर म्हणजे दुष्काळी भाग, इथं घर बांधताना पुराचा विचार कोण करतो? पण सप्टेंबर 2025मध्ये सीना पात्राबाहेर पडली. माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला.

पाणी दिसलं की आपण दार गच्च लावतो. गुडघाभर पाण्यासाठी हे ठीक आहे. बाहेर 1 मीटर पाणी साचलं, की भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे 500 किलोचा रेटा येतो. पाणी 2 मीटर झालं, की हाच रेटा चौपट, म्हणजे 2000 किलो होतो. चार इंची विटांची भिंत तो कुठून पेलणार? म्हणून साधारण तीन फुटांच्या वर पाणी चढू लागलं, तर ते आत येऊ द्यावं. आतबाहेर पातळी सारखी झाली की भिंतीवरचा रेटा मिटतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण घर उभं राहतं.

त्याखालच्या पाण्यासाठी चौकटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवून त्यात रबर लावलेल्या फळ्या सरकवता येतात. पोती रचायची तर अर्धीच भरावीत, विटांसारखा सांधा मोडत रचावीत आणि बाहेरून प्लास्टिकचा कागद लावावा. नुसत्या पोत्यांतून पाणी झिरपतंच. एवढं करूनही पाणी बऱ्याचदा संडासातून वर येतं, कारण गटार तुंबलेलं असतं. तिथं एकाच दिशेनं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह हवा. जमिनीतली प्लास्टिकची टाकी भरून ठेवावी. रिकामी असली तर भोवतीचं पाणी तिला वर उचलतं, 1000 लिटरच्या टाकीला जवळपास एक टन जोरानं!

यंत्रमागवाल्यांची गोष्ट वेगळी. माग उचलून नेता येत नाही, सुताच्या बाचक्यांसाठी मात्र उंच मांडणी करता येते. खालचं बाचकं भिजलं, की सूत स्वतःच पाणी वर ओढतं, त्यामुळे थप्पी फरशीवर नकोच. स्टार्टर आणि मेन बोर्ड छातीच्या उंचीवर घ्यावा. मोटर नटबोल्ट सोडून झटपट काढता येईल अशी बसवावी. हा खर्च मोटरचं वाइंडिंग नव्यानं भरण्यापेक्षा कमीच.

पूर ओसरल्यावर घाईनं पंप लावून आतलं पाणी एकदम उपसू नये. बाहेरची काळी माती अजून ओलीच असते आणि तळघराच्या भिंतीवर तिचा दाब कायम असतो. पाणी थोडं थोडं उतरवावं. आणि वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावू नये.