‘इको’ लिहिलंय म्हणून घेऊ नका

बेळगावच्या खडेबाजारात आमच्या आजोबांचं केरसुण्या, सुंभ आणि सुपा-टोपल्यांचं दुकान होतं. वडिलांच्या काळात तो माल माळ्यावर गेला आणि खाली प्लास्टिकच्या बादल्या, टब, डबे आले, कारण गिऱ्हाईक तेच मागायचं. आता त्याच बादल्या घेऊन गेलेल्यांची मुलं येऊन विचारतात, "प्लास्टिक नसलेलं काय आहे का?" आजोबांचा माल माळ्यावरून परत खाली आला. भाव तेवढा चढला.

पुड्यांवरचा मजकूर इंग्रजीत असतो, फार तर कन्नडात. त्यामुळं एकच गोष्ट दिवसातून दहा वेळा काउंटरवर सांगावी लागते. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी आणि खानापूरकडून येणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी म्हणून हे मराठीत छापलं आहे.

आधी आमच्याच धंद्याच्या विरुद्ध एक गोष्ट. घरात पाच प्लास्टिकचे डबे धड असतील तर ते फेकून काचेच्या बरण्या घेऊ नका. डबा बनवताना जी काय नासाडी व्हायची ती होऊन गेली, आता तो टाकलात तर तुरमुरीच्या कचरा डेपोत भर. फुटेपर्यंत वापरा, मग या. पिशवीचंही तेच. आमच्याकडे सुती पिशव्या आहेत, चांगल्या आहेत, पण सुती कापडाला शेतातल्या पाण्यापासून रंगापर्यंत बराच खर्च पडलेला असतो. ती शेकडो वेळा वापरली तर उपयोग. घरी जुनी साडी असेल तर ती शिंप्याकडं द्या, एका साडीत चार-पाच पिशव्या निघतात आणि त्या आमच्या पिशवीपेक्षा जास्त टिकतात.

पिशवीची फसवणूक

दुकानात मिळणारी ती रंगीत, मऊ, कापडासारखी दिसणारी पिशवी कापडी नसते. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. खात्री करायची असेल तर कडेचा एक तुकडा कापा, चिमट्यात धरून अंगणात काडी लावा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि हाताला राख लागते. प्लास्टिक वितळतं, गोळा होतं, थंड झाल्यावर मण्यासारखं कडक लागतं. ही परीक्षा आम्ही दुकानात करून दाखवतो. लहान पोरांना फार आवडते.

कर्नाटकात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे, जाडी कितीही असो. देशभरात १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या प्लेटी, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि सजावटीचा थर्माकोल यांवर बंदी आली. बाजारात तरी सगळं मिळतं, ते तुम्हीही बघताच.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादारानं ‘मातीत विरघळणाऱ्या’ म्हणून हिरवी पानं छापलेल्या कचऱ्याच्या पिशव्या दिल्या. आम्ही विश्वासानं विकल्या. गल्लीतल्या एका काकूंनी मृगात त्यातली एक पिशवी जास्वंदीच्या कुंडीत पुरली. गणपतीच्या आधी कुंडी मोकळी करताना ती बाहेर आली, आणि काकू तशीच, चिखलासकट, काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "हे बघ की, तुझी विरघळलेली पिशवी." पानांचा हिरवा रंगसुद्धा शाबूत होता. पाणी लावून पुसली तर नवी म्हणून विकता आली असती.

तेव्हापासून दोन गोष्टी बघूनच माल घेतो. खऱ्या कंपोस्टेबल, म्हणजे खत होणाऱ्या, पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असावा लागतो. तिचं मानक आयएस १७०८८. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं काही सांगत नाही, किती दिवसांत आणि कशात कुजणार ते त्यावरून कळत नाही. आणखी एक गोष्ट काकूंच्या कुंडीतून कळली. खरी पिशवीसुद्धा मोठ्या खतप्रकल्पातल्या ६० अंशांजवळच्या उष्णतेत कुजेल अशी तपासलेली असते. कुंडीत तेवढी उष्णता कुठली. घरच्या घरी खत करायचं असेल तर ओला कचरा वर्तमानपत्रात गुंडाळा, पिशवी हवीच कशाला.

सरकारी ‘इकोमार्क’ १९९१ पासून आहे. त्याचं चिन्ह मातीचा घडा. चिन्ह झकास आहे, पण ते लावलेला माल हातात क्वचितच पडतो. बाकी पुडीवर हिरवं पान, हिरवी पृथ्वी, ‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’ असं काही असलं तर ते छापखान्याचं काम समजा. पाणीसुद्धा केमिकलच आहे.

मातीचा माठ

घड्याचा विषय निघालाच आहे. खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली, तिथं खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त माठ खपतात आणि सगळ्यात जास्त तक्रारीही माठाच्याच. "गार करत नाही."

माठातलं पाणी बारीक छिद्रांतून बाहेर झिरपतं, हवेत उडून जातं, जाताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणजे छिद्रं मोकळी हवीत आणि हवा कोरडी हवी. बाहेरून ऑइलपेंटनं फुलं रंगवलेला माठ दिवाणखान्यात शोभतो, गार करत नाही, कारण रंगानं छिद्रं बुजलेली असतात. श्रावणात बेळगावच्या हवेत कुठलाच माठ गार करत नाही, तेव्हा भांडायला येऊ नका. घेताना बोटानं टकटक करा. खणखणीत आवाज आला तर नीट भाजलेला, बद्द आवाज आला तर तडा आहे किंवा कच्चा आहे. मग बाहेरून ओलं बोट फिरवा. ओल लगेच शोषली तर घ्या, पाणी थेंबासारखं वर राहिलं तर ठेवून द्या. घरी नेल्यावर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, ते पाणी झाडांना घाला. आत साबण कधीही लावू नका, माती तो धरून ठेवते आणि आठ दिवस पाण्याला वास येतो. मीठ आणि नारळाची शेंडी पुरे.

घासायला, धुवायला

स्वयंपाकघरातली हिरवी प्लास्टिकची घासणी झिजते म्हणजे तिचे कण मोरीतून जातात. कुठं जातात ते शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्याकाठी ज्यांची शेती आहे त्यांना विचारा. काथ्याची घासणी त्यापेक्षा बरी. त्याहून बरी, आणि फुकट, म्हणजे वेलावर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. परसात एक वेल असेल तर वर्षभराची सोय. आम्ही विकतो, पण बीही देतो.

रिठ्याबद्दल खरं तेवढंच सांगतो. दहा-बारा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, कुस्करून गाळा. रेशमी साड्या, लोकरीचे कपडे, दागिने यांना याच्याइतकं सौम्य काही नाही. पण हळदीचा डाग याला जात नाही, तेलकट कढई तर मुळीच नाही. डोळ्यांत गेलं तर झोंबतं. तीन-चार दिवसांत आंबतं, म्हणून थोडं थोडं करा. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात नेहमीचा साबण फेस धरत नाही आणि कपड्यांवर पांढरट थर बसतो, तिथं रिठा बरा चालतो. नळाला राकसकोप धरणाचं पाणी येणाऱ्यांना तो फरक फारसा जाणवणार नाही.

ओटा पुसायला टिश्यूचे गुंडाळे कशाला? वडगाव-खासबागेत माग चालतात, घरात जुने सुती पंचे असतात. चार तुकडे करा, कडा दुमडून घ्या, झालं.

भांड्यांचं लिक्विड आम्ही सुटं देतो. बाटली तुमची, आणि ती पूर्ण वाळलेली हवी. ओली असेल तर परत पाठवतो, राग मानू नका, उरलेल्या पाण्यानं आतला माल खराब होतो आणि नाव आमचं जातं.

पत्रावळी आणि पेले

पूजा, बारसं, मुंज यासाठी सुपारीच्या पानाची ताटं मागवून देतो. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो ठेवत नाही. पन्नासच्या आत पाहुणे असतील तर स्टीलची ताटं-वाट्या भाड्यानं आणा, स्वस्त पडतं आणि नंतर कचराच नाही.

वीज

पंखे, दिवे हा आमचा धंदा नव्हे, पण गिऱ्हाईक विचारतंच. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा २८ ते ३५. रोज बारा तास चालवला तर एका पंख्यामागं दिवसाला अर्धा युनिट वाचतो. "सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत बिल शून्य येतंय, मग वाचवायचं कशाला?" असं एका मामांनी विचारलं. मामा, मोफत युनिट तुमच्या आधीच्या सरासरीवर दहा टक्के वाढवून ठरलेले असतात, आणि २०० च्या वर गेलात तर पूर्ण बिल भरावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात कितीतरी घरं त्या काठावर असतात.

सूप, टोपली, दुरडी

हा आमचा मूळ माल, म्हणून शेवटी ठेवला. बांबूचं घेताना विणीकडं बघा, रंगाकडं नको. कड दुहेरी बांधलेली हवी, सालीची बाजू बाहेर हवी. घरी आठ-पंधरा दिवसांत टोपलीखाली पिवळसर पीठ पडलेलं दिसलं तर आत भुंगेरा आहे. लगेच घेऊन या, बदलून देतो. कडक उन्हात दोन-तीन दिवस ठेवल्यावर कधी कधी सुटतोही. सुपाला आतून मेथी वाटून कागदाच्या लगद्याबरोबर लेप दिला की दाणे फटीत अडकत नाहीत आणि सूप दुप्पट टिकतं. आजी दिवाळीच्या आधी हे करायची, आम्ही मागितल्यास करून देतो.

तुटलेलं सूप किंवा टोपली टाकू नका. दुकानात आणून ठेवा, आमचे बुरूड कारागीर कड सांधून देतात, मजुरी तेवढीच घेतो. जून ते सप्टेंबर मात्र घाई करू नका. पावसात बांबू वाळत नाही, आणि ओल्या बांबूची बांधलेली कड दसऱ्यापर्यंत सैल पडते.