रात्री साडेबाराची कोटी

लिनक्स या संगणकप्रणालीवर एखादी आज्ञा कशी वापरायची ते आठवेनासं झालं, की ‘मॅन’ला विचारायचं. ‘मॅन’ म्हणजे मॅन्युअलचं लघुरूप. २०१७ साली एका प्रोग्रामरच्या लक्षात आलं, की आपल्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या रात्री बरोबर साडेबाराला नापास होतात. बारा एकतीस झाले की पुन्हा सगळं आलबेल. शोधाशोध केल्यावर कळलं, की त्या एका मिनिटात ‘मॅन’ आगापिछा नसलेले तीन शब्द छापतो: गिमी गिमी गिमी!

उलगडा खुद्द ‘मॅन’ची देखभाल करणाऱ्या कॉलिन वॉटसन यांनी केला. मध्यरात्रीनंतर एखादा ‘मॅन’, म्हणजे पुरुष, मिळावा अशी आळवणी करणारं ‘आबा’ या स्वीडिश गटाचं ‘गिमी गिमी गिमी’ हे गाणं आहे, आणि त्याची सुरुवातच साडेबाराच्या उल्लेखाने होते. ही कोटी २०११ सालीच आत जाऊन बसली होती. ती अखेर काढावी लागली.

मला ही कोटी आवडते, पण तिची जागा चुकली होती. लिनक्सवर एका आज्ञेचं उत्तर पुष्कळदा दुसरा प्रोग्राम वाचत असतो. माणूस हसून सोडून देतो. प्रोग्रामच्या लेखी मात्र तीन जादा शब्द म्हणजे बिघाड.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या कर्त्यांनी अशा गमतींची जागा नीट निवडली. या भाषेत कोडचे गट महिरपी कंसांनी नव्हे, तर ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेने ठरतात. इतर भाषांतून आलेल्यांना कंसांची आठवण येतेच. ‘फ्यूचर’ या मोड्यूलमधून (तयार कोडच्या फाइलमधून) ‘ब्रेसेस’, म्हणजे कंस, मागून पाहा. उत्तर येतं, ‘नॉट अ चान्स’. ही ओळ चुकून कोण लिहिणार? ‘इम्पोर्ट धिस’ लिहिलं तर पायथॉनची तत्त्वं छापली जातात. कोड वाचायला सोपा हवा, हे त्यातलंच एक. पण ती ज्या फाइलमध्ये आहेत, तिथे प्रत्येक रोमन अक्षराऐवजी तेरा घरं पुढचं अक्षर ठेवलंय. वाचून दाखवा!

डेबियन या लिनक्सच्या एका अवतारात प्रोग्राम बसवून देणारा ‘ॲप्टिट्यूड’ तर चिवट माणसाशिवाय कुणाला दादच देत नाही. त्याला ‘मू’ म्हणा, तो सांगतो, या प्रोग्राममध्ये ईस्टर एग, म्हणजे दडवलेल्या गमती, नाहीत. आज्ञेत एकेक ‘व्ही’ वाढवत जा. खरंच नाहीत, मग सांगितलं ना, मग थांबा आता! पाचव्या ‘व्ही’ला तो हार मानून एक चित्र काढतो. ते कशाचं, हे सहाव्याला कळतं: अजगर हत्ती गिळतोय, दुसरं काय!