न छापलेल्या कागदाचा ठावठिकाणा

प्रिंटरमधून नको ते कागद सुटू लागले की बरेच जण धावत जाऊन त्याची वायर उपसतात. वीज परत आली की तेच कागद पुन्हा निमूटपणे बाहेर येऊ लागतात. मग यंत्र 'बाधलेले' ठरते. बाधा वगैरे काही नसते. उरलेला मजकूर प्रिंटरमध्ये नसतोच, तो संगणकाच्या डिस्कवर आपल्या पाळीची वाट पाहत असतो.

प्रिंटर सावकाश, संगणक घाईत, हे जुनेच दुखणे. १९५९ मध्ये आलेला आयबीएम १४०३ मिनिटाला ६०० ओळी छापायचा. त्या काळी हा वेग थक्क करणारा होता, पण गणित करणारे यंत्र तेवढा वेळ ताटकळत कशाला बसेल? म्हणून मजकूर आधी साठवायचा आणि सवडीने छापायचा. यालाच स्पूलिंग म्हणतात.

या कल्पनेची मला सर्वात आवडणारी मांडणी आहे आयबीएमच्या एएस/४०० वर. हे मध्यम आकाराचे व्यावसायिक संगणक १९८८ मध्ये आले. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरे पाहून त्यांना मेलेले समजणारे पुष्कळ आहेत, पण तीच प्रणाली 'आयबीएम आय' या नावाने आजही चालते आणि स्पूल फाइलींची यादी एसक्यूएल या माहिती विचारण्याच्या भाषेतूनही देते. इथे आरपीजी भाषेतला प्रोग्राम रिपोर्ट 'छापतो' म्हणजे एक स्पूल फाइल तयार करतो. ती आउटपुट क्यूमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत, जाऊन थांबते.

आता समजा, त्याच प्रोग्रामला विचारायचे आहे : मी आत्ता काढलेल्या रिपोर्टची पाने किती? तो कोणत्या क्यूमध्ये आहे? माहिती देणारा एपीआय, म्हणजे प्रोग्रामला हाक मारता येईल अशी प्रणालीची तयार सेवा, आहे : क्यूयूएसआरएसपीएलए. पण नेमकी कोणती फाइल, हे त्याला सांगायचे कसे? नुसते नाव पुरत नाही, क्यूप्रिंट नावाच्या फाइली हजारो असू शकतात. म्हणून ओळख पाच तुकड्यांची : जॉबचे (प्रोग्राम ज्यात चालतो त्या कामाचे) नाव, वापरकर्त्याचे नाव, सहा अंकी जॉब क्रमांक, फाइलचे नाव आणि त्या जॉबमधला फाइलचा क्रमांक.

शेवटचा तुकडा फसवा. क्रमांक ० दिला तर अर्थ 'या नावाची एकुलती एक'. दोन निघाल्या की चूक येते. -१ दिला तर 'सगळ्यात शेवटची'. सोय वाटते, पण मधल्या काळात त्याच जॉबमधल्या दुसऱ्या प्रोग्रामने त्याच नावाची फाइल काढली असेल, तर आपल्याला शेजाऱ्याची पाने मोजून मिळतात आणि चूक मात्र कुठेच दिसत नाही. खरा क्रमांक आरपीजी प्रोग्रामच्या हाताशीच असतो. प्रोग्राम ज्यातून छापतो त्या प्रिंटर फाइलला आयएनएफडीएस नावाची माहिती-रचना जोडली, की फाइल उघडताच त्या रचनेच्या १२३ आणि १२४ या बाइटमध्ये क्रमांक येऊन बसतो.

उत्तर घेण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. आपण एक रिकामी जागा देतो आणि तिची लांबी सांगतो. एपीआय पहिल्या चार बाइटमध्ये लिहितो, 'इतके बाइट दिले', आणि पुढच्या चारमध्ये, 'माझ्याकडे इतके होते'. त्यामुळे आधी फक्त आठ बाइट देऊन, किती जागा लागेल ते विचारून, मग तेवढी जागा घेऊन पुन्हा जाता येते. पुढच्या आवृत्तीत माहितीच्या शेवटी नवे रकाने वाढले, तरी जुना प्रोग्राम आपल्या मापाचेच घेतो. त्याला धक्का लागत नाही.

पानांची संख्या मात्र घाईने विचारू नये. फाइल उघडी असेल तर तिची स्थिती 'ओपन' असते आणि मिळतात ती तोवर झालेली पाने. तेव्हा क्रमांक फाइल उघडी असतानाच उचलून ठेवायचा, पाने ती बंद केल्यावर विचारायची.